भावाच्या नावाची ओवी

आमच्या गावच्या नदीत होडी कधीच नव्हती. नदी म्हणायची म्हणून नदी. वर्षातले दहा महिने तिच्या वाळूत शेळ्या फिरायच्या आणि पाणी आलंच तर बायका लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून पलीकडे जायच्या. तरी लखनौत दर गणपतीला पंधरा-सोळा बायका नाकात नथ अडकवून त्या नदीत माझ्या भावाला होडी घालायला लावतात, आणि समोरचे लोक टाळ्या वाजवतात. ती ओवी मी केली आहे. बाईंच्या स्वयंपाकघरात, मटार सोलताना.

बाई म्हणजे साहेबांची बायको. आमचे हे एका सरकारी संशोधन संस्थेत साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. साहेबांची बदली पुण्याहून लखनौला झाली तेव्हा त्यांनी यांनाही खटपट करून इकडे आणलं, आणि साताऱ्याच्या दुष्काळी भागातली मी अलीगंजमधल्या दोन खोल्यांत येऊन पडले. साहेबांचं घर इंदिरा नगरला. सणाला, पाहुण्यांना, लोणचं घालायला बाई मला बोलावून घ्यायच्या. ड्रायव्हरची बायको म्हटली की ती अर्धी आपल्याकडेच कामाला आहे असं साहेब लोकांना वाटतं. मी जायची आणि बोलायची नाही. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की माझी मान आपोआप खाली जाते. बाईंना ते फार आवडायचं. "किती साधी आहे बघा," असं त्या पाहुण्यांना माझ्यासमोरच सांगायच्या. घरातलं जुनं तांब्याचं घंगाळ दाखवतानाही त्यांचा आवाज असाच व्हायचा.

माझं बोलणं मात्र त्यांना सुधारायचं होतं. मी 'पानी' म्हटलं की त्या हातातलं काम थांबवून म्हणायच्या, "पाणी. ण. म्हण बरं." माझी मुलगी तेव्हा लहान होती, माझ्या पदराला धरून उभी असायची. तिच्याकडूनही म्हणवून घ्यायच्या. मुलीने त्यावर सोपा उपाय काढला. ती मराठी बोलायचीच बंद झाली. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. बाई म्हणायच्या, "बघ, मातृभाषा विसरली."

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी असेल, थंडीचे दिवस होते. बाईंच्या घरी मटारांचा ढीग पडला होता आणि मी सोलत बसले होते. बाई एक छोटा टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. त्यांच्या मराठी मंडळाला बाहेरगावी कुठेतरी संमेलनात लोकगीतांचा कार्यक्रम करायचा होता.

"तुमच्याकडे जात्यावर ओव्या म्हणतात ना गं? एखादी म्हण. अगदी अस्सल हवी."

मला ओव्या येत होत्या थोड्याफार. माझी आई म्हणायची, मी तिच्याबरोबर दळायला बसायची. पण ओवी पाठ करायची गोष्टच नसते. जातं फिरतं, हात भरून येतो, आणि त्या क्षणाला जे मनात असतं ते बाहेर येतं. भाऊ घालायचा तो आपला, गाव घालायचं ते आपलं. शेजारीण दळायला बसली की तीच ओवी तिच्या भावाची होते. एकीच्या भावाचं नाव दुसरीने घेतलं तर दोघींत भांडण लागेल.

समोर टेप फिरत होता आणि मला आईची एकही ओवी आठवेना. बाई म्हणाल्या, "लाजतेस काय, मीच आहे ना." मी भिंतीकडे तोंड केलं आणि जे सुचलं ते म्हटलं.

नदीला आला पूर, पल्याड माझा गाव
होडी घालील पाण्यात, माझा … भाव

मधल्या जागी माझ्या भावाचं नाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही. गावाला जुळवायला भाव आला, भावाला काहीतरी काम द्यायला होडी आली, होडीसाठी पूर आणावा लागला. पुढच्या दोन-तीन ओव्याही अशाच जुळवल्या. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "काटा आला अंगावर."

संमेलनातून त्या ढाल घेऊन आल्या. मग ती ओवी मंडळाचीच झाली. बाईंनी ती कागदावर लिहून सगळ्यांना वाटली आणि सगळ्यांनी ती घोकली, माझ्या भावाच्या नावासकट. एकीलाही वाटलं नाही की इथे आपला भाऊ घालावा. कुणाचा भाऊ अमेरिकेत, कुणाचा दिल्लीला मोठ्या हुद्द्यावर. आणि ह्या जीव तोडून गाणार कुणाला, तर माझ्या भावाला, जो दहावीला दोनदा बसला आणि नंतर पारावर बसला. बाई माइकवर सांगायच्या, "ही ओवी किमान दोनशे वर्षं जुनी आहे. नदीकाठच्या समृद्ध संस्कृतीचं हे प्रतिबिंब." मी मागे चपलांच्या जवळ बसून ऐकायची. आमच्याकडची समृद्धी म्हणजे टँकर आला तर दोन घागरी.

त्यांचा थाट तर बघण्यासारखा असायचा. या बायका एरवी पोळीला रोटी म्हणतात, भाजीला सब्जी, आणि त्यात काही वाईट नाही, मीही म्हणते. पण गणपती आला की शिवलेली, इलास्टिकची नऊवारी अंगात चढवायची, हनुवटीवर भुवईच्या पेन्सिलीने गोंदण काढायचं आणि 'अस्सल' व्हायचं. जातं होतं थर्माकोलचं. खऱ्यासारखा राखाडी रंग दिलेला. ते स्टेजवर एका हाताने उचलून आणायचे आणि दोघी समोरासमोर बसून बोटाने फिरवायच्या. दगडाचं जातं ओढताना दम लागतो, ओवी तिथे थांबते, मग पुढे सरकते. थर्माकोलला कसला दम. या बायकांची ओवी आगगाडीसारखी पळायची, आणि खाली ढोलकी आणि टाळ्या. बाई पहिली ओळ म्हणणार, बाकीच्या सगळ्या शेवटचे शब्द दोनदा घोळवणार.

आणि सराव घेताना बाई काय शिकवायच्या, ते मी स्वतः चहा देता देता ऐकलं आहे. "अगं, 'पाण्यात' नाही म्हणायचं, 'पान्यात' म्हणा. गावरान यायला हवं." पंधरा-सोळा बायकांनी 'न' घोटून घोटून म्हटला. मुलगी तेव्हा आठवीत होती आणि कप गोळा करायला माझ्याबरोबर आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रिक्षात बसल्यावर ती इतकी हसली, इतकी हसली की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. मग एकदम गप्प झाली.

आई गेली ती त्याच्यानंतर. घरात तेव्हा यांचा मोबाइल आलेला होता. रविवारी दुपारी फोन वाजला. माझा भाऊ होता, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन हिंडायचं म्हणून माझी शाळा चौथीत सुटली होती.

"आक्का, आई गेली."

"कधी?"

"झाले की आता बरेच दिवस. तेरावं बी झालं काल. म्हटलं तुला कशाला तरास. लखनौ लांब."

मागे भांड्यांचा आवाज येत होता. तेराव्याचं गोडाचं जेवण झालेलं, उरलेलं कुणीतरी काढून ठेवत असणार. मी फोन यांच्या हातात दिला. आईच्या गळ्यातलं डोरलं कुठे आहे, हे मी कधीच विचारलं नसतं. पण त्याला वाटलं, ही येईल आणि विचारील. एवढ्यासाठी त्याने मला आईचं तोंड बघू दिलं नाही. त्या दिवसापासून मी त्याचं नाव घेतलेलं नाही. मुलगी तेव्हा समोर बसून अभ्यास करत होती, तिने सगळं पाहिलं.

मी घेतलं नाही, पण लखनौतल्या बायका घ्यायच्या. त्या वर्षीच्या गणपतीत मला वाटलं होतं जाऊच नये. पण प्रसादाचे मोदक करायला मला बोलावलेलं होतं. मोदकांना माझे हात लागायचेच. आत मी मोदक वळत होते आणि बाहेर माझा भाऊ बहिणीसाठी पुरात होडी घालत होता. टाळ्या झाल्या. बाई घामाघूम आत आल्या.

"ऐकलंस ना? तुमचीच ओवी!"

मी म्हटलं, "हो बाई."

त्यांना माझी आई गेल्याचं माहीत होतं. साहेबांनी यांना दोन दिवस रजा दिली होती. पण ओवीतला भाऊ म्हणजे खरा, जिवंत, जेवणारा माणूस आहे, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांना वाटायचं ते गाण्यातलं नाव आहे.

पुढच्या थंडीत मी पुन्हा मटार सोलत असताना त्यांनीच विचारलं, आणखी आहेत का काही. मला तेव्हा एक सुचलेली होती. आई गेल्याचं कळल्यावर मी भाभीबरोबर गोमतीवर जाऊन एक दिवा सोडून आले होते. भाभी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण, इथलीच, बाराबंकीकडची. तिने त्या दिवशी मला काही विचारलं नाही, नुसती बरोबर चालली. त्याची ओवी झाली होती. ती मी बाईंना म्हणून दाखवली.

गोमतीच्या घाटावर दिवा सोडला आईचा
पाण्याला नाही ठावा रस्ता माझ्या माहेराचा

बाईंनी नाक मुरडलं. "गोमती? छे गं. ओवीत गोमती कशी येईल? ही भेसळ वाटते. ती होडीची कशी, मातीचा वास येतो तिला."

मी पुन्हा मटाराकडे वळले. म्हणजे जी नदी मी पाहिली, जिच्यात हात घातला, ती खोटी. आणि जी होडी कुणाच्या बापाने पाहिली नाही, ती अस्सल. साहेब मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या घरी असा निकाल लागला.

मग मुलगी मोठी झाली. बी.कॉम. झाली, एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात लागली. कानपूरच्या मराठी घरातलं स्थळ आलं, मुलगा रेल्वेत, सगळं जमलं. आता प्रत्येकाच्या हातात व्हिडिओवाला मोबाइल होता. मंडळाच्या ओवीचा व्हिडिओ फिरत फिरत आमच्या गावापर्यंत पोचला. इतक्या वर्षांनी भावाचा फोन आला, आणि यांनी तो मला न विचारता माझ्या कानाला लावला.

"आक्का! अगं लखनौत माझ्या नावाचं गाणं म्हणत्यात! आख्ख्या गावानं बघितलं. सरपंच म्हणाला, गड्या, तू तर परदेशात गाजलास!"

लखनौ त्याला लांब होतं ते आता परदेश झालं होतं.

"दाजी म्हणत्यात, भाचीचं लगीन हाय. मामा नको व्हय मागं उभा ऱ्हायला? आणि ते गाणं बी ऐकायचं हाय. समोर बसून."

आमच्यात मुलगी बोहल्यावर उभी राहते तेव्हा तिच्या पाठीशी मामा उभा राहतो. हे म्हणाले, "येऊ दे. लोक विचारतील मामा कुठे." बाईंनाही यांनीच सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. त्या अक्षरशः नाचत होत्या. "अगं, तो खरंच आहे? ओवीतला भाऊ? आम्ही सगळ्या येणार हळदीला. त्याच्यासमोर म्हणणार. ही आमच्याकडून लेकीला भेट. जातंसुद्धा आम्हीच आणू." ते थर्माकोलचं.

मुलगी ऑफिसातून आली, मी तिला सांगितलं. तिने पर्स पलंगावर टाकली.

"मम्मी, वो आदमी आए न आए, पापा जानें। लेकिन उसका नाम मेरी हल्दी में कोई नहीं लेगा। नानी के टाइम आपको देखा है मैंने।"

"मी कसं सांगू बाईंना?"

"मैं बोल दूँ?"

"नको. यांची रिटायरमेंट व्हायची आहे अजून."

"तो फिर आप गाओ। हल्दी में माँ गाती है, वो लोग कौन होते हैं? आप गाओगी तो वो चुप रहेंगे।"

मी गाणार. चार माणसांत मला पाणी मागता येत नाही आणि मी गच्चीभर माणसांत गाणार. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचा चेहरा उतरला. तिला कळलं की मी गाणार नाही आणि मी सांगणारही नाही, म्हणजे त्याचं नाव तिच्या हळदीत येणार. ती मराठीत म्हणाली, "राहू दे." ती मराठीत बोलली म्हणून मला जास्त लागलं.

हळद घरमालकांच्या गच्चीवर होती. भाभीने तिच्या सासूची दगडी चकिया, म्हणजे जातंच, वर चढवून घेतली होती, दोन जणांनी उचलून. तिच्या खुंट्याला मी हळकुंड आणि सुपारी बांधली, कुंकू लावलं. आमच्याकडे हळद दळल्याशिवाय लागत नाही. भाऊ आदल्या दिवशीच आला होता. फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर बसला होता, हातात मोबाइल, गावाला दाखवायला. आल्यापासून त्याने आईचा विषय काढला नव्हता. भाभीला मात्र तीनदा सांगितलं, "वो गाना है ना, वो मेरा है।"

बाई आणि त्यांच्या बायका आल्या. नथी, पेन्सिलीची गोंदणं, सगळं. भावाला त्यांनी असा नमस्कार केला की मला वाटलं पाया पडतात. एकीने त्याच्याबरोबर फोटो काढला. थर्माकोलचं जातं मुलीसमोर ठेवलं, चकिया फोटोत येते म्हणून थोडी बाजूला सरकवायला लावली.

भाभी ढोलक घेऊन माझ्याजवळ बसली होती. ती माझ्या कानात म्हणाली, "मामा यही हैं? हमारे यहाँ तो मामा को हल्दी में खूब गारी सुनाते हैं। कहो तो दो-चार सुना दूँ, बहिनी? कोई बुरा नहीं मानता।"

त्यांच्याकडे लग्नात बायका पाहुण्यांना गाण्यातून शिव्या देतात, त्याला गारी म्हणतात. मी अशा किती हळदी पाहिल्या होत्या. मी मुलीकडे पाहिलं. ती पाटावर बसून पायाच्या बोटांकडे बघत होती. बाईंनी घसा साफ केला आणि ढोलकीवाल्या बाईला मान हलवली.

मी भाभीला म्हटलं, "तुम रुको. मैं कहती हूँ." आणि चकियेच्या खुंट्याला हात घातला. जातं फिरायला लागलं तेव्हा माझं तोंड खालीच होतं, त्यामुळे मला कुणी दिसत नव्हतं. आवाज आईसारखा निघाला, हे मला नंतर मुलीने सांगितलं. तिने तिच्या नानीचा आवाज लहानपणी ऐकला होता.

आई गेली माझी, तेरावं झालं गोड
बहिणीला सांगायाला भावाला नाही सवड

त्याचं नाव मी घेतलं नाही, पण भाऊ तिथे एकच बसला होता. मी थांबले, दगड जड होता, श्वास घ्यायचा होता. आणि त्या थांबण्यात बाईंच्या सगळ्या बायकांनी, सवयीने, टाळ्या धरून घोळवलं: भावाला नाही सवड, गं भावाला नाही सवड. ढोलकीही सुरू झाली. त्यांना काय, ओवी आली की शेवट दोनदा म्हणायचा. मी पुढची म्हटली.

माहेराच्या वाटेवर उगवलं गं काटं
भाऊ माझा म्हणतो, लखनौ लांब वाटं

लखनौ लांब वाटं, गं लखनौ लांब वाटं. नथी हलवत, हसत हसत म्हणत होत्या. भाभीला मराठी कळत नाही, पण तिने ढोलकावरचा हात उचलून घेतला होता. तिला कळलं. मुलीने मान वर केली होती. मी भावाकडे पाहिलं. त्याने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला होता.

मला वाटलं, झालं. आता सगळ्यांना समजलं. हळद दळून झाली, मी हात पुसले, आणि मागे बाईंचा आवाज ऐकू आला. त्या भावाच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि त्याला समजावून सांगत होत्या.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. लोकगीतात असं असतंच. भावावरचा रुसवा. तो एक प्रकार आहे. खरा अर्थ त्यात प्रेमाचा असतो."

आणि माझा भाऊ, ज्याला आयुष्यात कुठल्या प्रकाराशी देणंघेणं नाही, तो मान डोलवत होता. त्याच्या तोंडावर रंग परत आला होता. "व्हय व्हय. आमच्याकडं असंच म्हणत्यात. जुनं हाय ते. आमची आई बी म्हणायची."

"वा! म्हणजे ही परंपरेतलीच आहे. अगं," बाईंनी मला हाक मारली, "ही इतके दिवस लपवून ठेवलीस होय? पुन्हा एकदा म्हण, नीट रेकॉर्ड करते. फक्त ते लखनौ काढ. तिथे दुसरं काहीतरी घाल, सातारा वगैरे."

दोघे शेजारी शेजारी बसले होते, एकाने माझी आई बुडवली आणि दुसरीने ती धुऊन, वाळवून स्टेजसाठी घडी घालून ठेवली, आणि दोघांचं एकमेकांशी किती पटत होतं. आयुष्यभर मी गप्प बसत आले ते या असल्या माणसांपुढे, हे मला त्या वेळी दिसलं, आणि मला त्यांची लाज वाटली. माझी नाही.

मी जवळ गेले. हाताला हळद होती. मी चाल न लावता, सरळ बोलले.

"बाई, हा प्रकार नाही. हे झालंय. आमची आई मेली तेव्हा याने मला कळवलं नाही. तेरावं जेवला, मग फोन केला. आणि आई ही ओवी म्हणत नव्हती, मेलेली बाई कशी म्हणेल? मी केली आहे. आत्ता. होडीचीही मीच केली होती, तुमच्या मटारावर. आमच्या नदीला होडी नाही."

बाई म्हणाल्या, "अगं, आज हळद आहे, असं बोलतात का?" बाकीच्या बायका साड्यांच्या निऱ्या बघायला लागल्या. हे जिन्याच्या तोंडाशी उभे होते, ते खाली निघून गेले.

भाऊ म्हणाला, "आक्का, चार लोकांत..."

"चार लोकांत ऐकायलाच आलास ना? उद्या मामा म्हणून मागे उभं राहायचं असेल तर राहा. गाणं मिळणार नाही. बाई, त्याचं नाव माझ्या लेकीच्या कार्यात कुणी घ्यायचं नाही. मंडळात तुमचं तुम्ही बघा. आपापल्या भावांची घाला. आहेत ना तुम्हाला?"

मग मी मुलीकडे गेले. तिने गाल पुढे केला. मी हळद लावली तेव्हा ती हिंदीतच, हळूच म्हणाली, "ज़्यादा मत लगाओ मम्मी, निकलती नहीं है।"

बाई आणि त्यांच्या बायका जेवून गेल्या. पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या, दोघींनी आग्रह न करता पुन्हा घेतल्या. थर्माकोलचं जातं न्यायचं विसरल्या, घरमालकांच्या नातवाने संध्याकाळपर्यंत त्याचे तुकडे केले. दुसऱ्या दिवशी भाऊ फेटा बांधून मुलीच्या मागे उभा राहिला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. तो अधूनमधून बायकांच्या बाजूला बघत होता. कुणीही ओवी म्हटली नाही.